कंट्रोलचं औषध

अख्ख्या अंबरपेठेत माझ्याएवढी माणसं ओळखणारा दुसरा गडी दाखवा, मी मिशी काढून देतो. दवाखान्यात म्हणले, ‘येताना वाचता येणारं एक माणूस सोबत आणा,’ आणि मला ते एक मिळेना.

ओळखी उगाच नाहीत झाल्या. जन्मभर मी लोकांच्या डोक्यावर चढलो. म्हणजे घरावर. सिमेंटचे पत्रे बसवायचं माझं काम. तेलुगूत पत्र्याला रेकुलु म्हणतात, म्हणून मला सगळे रेकुलवाला म्हणतात. खरं नाव रेशनकार्डाला माहीत आहे, आणि आता दवाखान्याला. शाळेत मी गेलो होतो, नाही असं नाही. संडासावर पत्रा टाकायला. सही येते, पण ती मी लिहीत नाही, चित्र काढल्यासारखी काढतो. हे जे तुम्ही वाचताय ते मी फोनमध्ये बोललोय आणि फोननं लिहिलंय. चुका त्याच्या, थापा माझ्या.

आमचं मूळ बिदरकडचं. आजा तिकडं जोंधळा पिकवायचा, बाप इकडं आला आणि हमाली करायला लागला. घरात मराठी, दारात तेलुगू, चहाच्या गाड्यावर उर्दू. तिन्हीत मी सारखाच अडाणी, म्हणून कुणाला मी परका वाटलो नाही.

पत्रा कापायचं काम तसं सोपं. खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारायची, पत्र्यावर पाय द्यायचा आणि करवत चालवायची. कर्र कर्र आवाज आणि पांढरा धुरळा. संध्याकाळी मी गिरणीतून पळून आलेल्या भुतासारखा दिसायचो. गल्लीतली पोरं भ्यायची, आणि मी त्यांना आणखी भेववायचो. गळ्यात रुमाल होता. तो नाकाला बांधायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी बांधला नसता, मिशी दिसली नसती.

मग शिडी चढताना दम लागायला लागला. म्हणलं वय झालं. मग शिडी न चढता लागायला लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, बाकी काही झालं नाही. फोटो काढला तर छातीत पाणी. सुई घालून ते काढलं, ते परत भरलं. जन्मभर लोकांच्या घरात पाणी येऊ नये म्हणून राबलो, आणि गळती लागली ती माझ्यातच. शेवटी मोठ्या दवाखान्यात छातीला भोक पाडून आतला तुकडा काढला, तपासायला पाठवला.

तिथली मोठी डॉक्टरीण. केस पांढरे, आवाज बारीक. तिनं आजाराचं नाव सांगितलं. मला ऐकू आलं, मैसूर, थैली, अम्मा. मला वाटलं कुण्या बाईचा पत्ता सांगतेय. मी म्हणलं, “अम्मा, मैसूर कू जाना पडता क्या?”

ती हसली नाही. कागदावर तिनं फुप्फुस काढलं आणि त्याच्याभोवती एक रेघ ओढली. फुप्फुसावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ अस्तर असतं, कॅन्सर त्या अस्तराला झालाय. त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. मग विचारलं, काम काय करत होतात? मी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

“उस पत्रे में एस्बेस्टस रहता. बारीक रेशे, धागे जैसे. साँस के साथ अंदर जाते, और बरसों तक चुप बैठते. फिर एक दिन उठते.”

“मतलब मेरे से उल्टा,” मी म्हणलं. “मैं एक मिनट चुप नहीं बैठा.”

आता ती जराशी हसली. मला बरं वाटलं. डॉक्टर हसला की पेशंटला वाटतं, आजार तेवढा मोठा नसावा. मग तिनं विचारलं, “तुम्हारे कपडे कौन धोते थे?”

म्हणलं, घरवाली. अंगणात झटकायची, मग धुवायची. शिव्या द्यायची त्या धुरळ्याला, आणि मला.

“वो कैसी हैं?”

“गई. चार पाँच साल हुए.”

“कैसे?”

“दम लागायचा,” मी म्हणलं. मराठीतच निघालं तोंडातून.

डॉक्टरिणीनं ते कागदावर लिहून घेतलं. माझ्याकडं एवढ्या वर्षांचा जोकांचा साठा, त्यातला एक वर आला नाही.

मग तिनं इलाज सांगितले. ऑपरेशन होतं, पण ज्यांचं एकाच जागी आहे त्यांचं, माझं पसरलं होतं. दुसरं सलाइन. दोन औषधं एकत्र, तीन आठवड्यांनी एकदा, सोबत व्हिटॅमिनचं इंजेक्शन आणि गोळ्या, म्हणजे औषध अंगावर कमी येतं. नवी औषधंही आहेत, ती शरीराच्या स्वतःच्या पोलिसांना जागं करतात. आणि पाणी परत भरू नये म्हणून छातीत नळीतून पावडर सोडतात, मग फुप्फुस फासळीला चिकटतं आणि पाण्याला जागाच राहत नाही.

“कायकी पावडर?”

“टाल्क. साफ किया हुआ.”

म्हणजे बघा. पांढरी पावडर आत गेली म्हणून आजार झाला, आणि इलाज काय, तर आणखी पांढरी पावडर आत घालायची. हे मी बाहेर सांगितलं असतं तर लोकांनी मलाच येडा ठरवलं असतं.

“ठीक होता क्या?” मी विचारलं.

“पूरा जाने वाला आजार नहीं है,” ती म्हणाली. “वक्त मिल सकता. साँस हलकी हो सकती. झूठ नहीं बोलूँगी.” आणि शेवटी म्हणाली, इथं एक स्टडी चालू आहे, त्यात तुम्ही बसू शकता, बाहेर मॅडम समजावून सांगेल.

बाहेरची मॅडम म्हणजे विशीतली पोरगी, गळ्यात पट्टा, पायात बूट, मला अंकल म्हणणारी. तिनं हिंदी-तेलुगूची खिचडी करून सांगितलं. नवं औषध आलंय. काही जणांना जुन्या सलाइनसोबत ते नवं देणार, काही जणांना नुसतं जुनं. कोण कुठं, हे कंप्यूटर ठरवणार. डॉक्टरच्या हातात नाही, माझ्याही नाही.

“नुसतं जुनंवाले कौन?”

“वो कंट्रोल में आते, अंकल.”

कंट्रोल! हे मात्र मला कुणी समजावायची गरज नव्हती. आमच्याकडं रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात. कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलचं घासलेट. आई सुपात घेऊन खडे निवडायची, निम्मे खडे, निम्मे किडे, उरले तर तांदूळ. रांगेत उभं राहायचं आणि दुकानदार म्हणायचा, माल संपला. म्हणजे ज्यांचं नशीब चांगलं त्यांना बाजारातलं औषध, आणि माझ्यासारख्याला कंट्रोलचं!

मी उठलो. म्हणलं, “बेटी, कंट्रोल का खा के बडा हुआ. कंट्रोल का खा के मरता नहीं मैं.”

ती म्हणाली, अंकल, घाई नको, विचार करा. आणि येताना वाचता येणारं माणूस आणा. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून साक्षीला कुणीतरी पाहिजे, आमच्या दवाखान्याचं नसलेलं. स्टडीत आला नाहीत तरी सलाइनच्या दिवशी सोबत माणूस लागेलच.

घरी आलो. घर म्हणजे एक खोली, वर माझ्याच हातचे पत्रे. पडल्या पडल्या त्यांच्याकडं बघत बसलो. पत्रे खाली माझ्याकडं बघत होते.

स्टडी जाऊ दे, पण सलाइनला तरी माणूस पाहिजेच होतं. सकाळी चहाच्या गाड्यावर गेलो. तिथं माझा जुना रिक्षावाला दोस्त आणि चार रिकामटेकडे. मी आपल्या नेहमीच्याच आवाजात म्हणलं, “मियाँ, कॅन्सर हुआ मेरे कू. चलते क्या दवाखाने? एक पढा-लिखा होना बोले, लेकिन तू भी चलता.”

दोस्तानं माझ्या हातावर टाळी दिली. “हौ! पहले बिर्यानी खिला, फिर मर!”

सगळे हसले. मी पण हसलो. हसता हसता खोकला आला, तर ते आणखी हसले, त्यांना वाटलं नक्कल करतोय.

त्यांचं चुकलं नाही. मागं एकदा कापडवाल्याच्या छपरावरून घसरलो. लागलं काहीच नव्हतं, खाली वाळू होती. पण मी डोळे पांढरे करून पडून राहिलो. बायका रडल्या, कुणी पाणी आणलं, कापडवाला घाबरून पुऱ्या मजुरीच्या नोटा माझ्या खिशात कोंबायला लागला. खिसा भरला तेव्हा मी उठून बसलो आणि म्हणलं, चहा पण सांगा. ही गोष्ट अंबरपेठेत अजून सांगतात. आता त्या माणसानं खरंच पडायचं तर कसं पडायचं?

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. शेठनं मला जन्मभर पत्रे विकले, मी जन्मभर लोकांच्या माथी मारले. मनाशी ठरवून गेलो होतो, जोक करायचा नाही. काउंटरसमोर उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि जोक नसलेलं वाक्य कसं सुरू करतात तेच आठवेना. शेठ म्हणाला, “बोला रेकुलवाले, काय देऊ?” मी दोन वॉशर घेतले आणि आलो.

त्या आठवड्यात मला एकच फोन आला. माझा नंबर मनापासून फिरवणारं जगात एकच माणूस आहे, आणि ते तक्रार करायला फिरवतं. काचीगुड्याला स्टेशनच्या मागं एक बाई राहतात. मराठी शाळेत शिकवायच्या, आता घरी असतात. नवरा नाही, मुलगा पुण्याला कंप्यूटरमध्ये. त्यांच्या मागच्या पडवीवर मी फार वर्षांपूर्वी पत्रा टाकला. माझा पत्रा गळत नाही, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगतो. तो गळतो. दर पावसाळ्यात त्या फोन करतात, मी जातो, डांबर लावतो, वॉशर बदलतो, तो एक जागा सोडून दुसऱ्या जागी गळतो.

“रेकुलवाले, गळतोय,” बाई म्हणाल्या. नमस्कार नाही, काही नाही.

“बाई, यंदा मला चढता येणार नाही.”

“का?”

“मला कॅन्सर झालाय.” सवयीनं लगेच पुढं जोडलं, “पत्र्याच्या आधी मीच गळायला लागलो.”

मी थांबलो. आता हसतील म्हणून. पलीकडून गाडीची शिट्टी ऐकू आली, मग भांडं ठेवल्याचा आवाज.

“कुठला?” बाई म्हणाल्या.

“काय कुठला?”

“कॅन्सर कुठला? आणि डॉक्टर काय म्हणाले? नीट सांगा. ते गळण्याबिळण्याचं नको.”

मग मी सांगितलं. मैसूरच्या थैलीपासून कंट्रोलपर्यंत, आणि परवा पुन्हा बोलावलंय तिथपर्यंत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “कंट्रोलचं औषध असं कोण म्हणालं तुम्हाला?”

“ती पोरगी.”

“मला शंका आहे. परवा किती वाजता जायचंय?”

ठरल्या दिवशी बाई चष्मा, पाण्याची बाटली आणि इस्त्रीची साडी अशा बसस्टॉपवर उभ्या. बसमध्ये माझ्याशी बोलल्या नाहीत. मी दोन जोक केले. कंडक्टर हसला, त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

दवाखान्यात छोटी खोली, टेबल, आणि कोपऱ्यात तीन पायांवर कॅमेरा. ती पोरगी म्हणाली, सहीच्या वेळचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, मागाहून कुणी म्हणू नये की अंकलला फसवलं. मी कॅमेऱ्याकडं बघून मिशी सारखी केली आणि हात हलवला. लग्नाच्या व्हिडिओत हलवतात तसा.

“समोर बघा,” बाई म्हणाल्या.

बाईंनी सगळे कागद वाचले. एकेक पान. पोरगी सांगत गेली, बाई मला मराठीत सांगत गेल्या, आणि मधेमधे थांबवून पोरगीलाच विचारत गेल्या. तिसरीतल्या मुलीला विचारावं तसं. नवं औषध अंगावर आलं तर कोण बघणार? घरी ताप आला तर कुणाला फोन करायचा? ह्यांना मधेच नको वाटलं तर?

“कभी भी छोड सकते, आंटी. इलाज बंद नहीं होता.”

“मधेच सोडता येतं. सोडलं तरी इलाज बंद करत नाहीत,” बाईंनी मला सांगितलं. “कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं?”

मी परत म्हणून दाखवलं. साठी उलटल्यावर माझी शाळा सुरू झाली, आणि तीही कॅमेऱ्यासमोर.

मग कंट्रोल आलं. मी आधीच हात जोडून म्हणलं, “बाई, आपल्याला खडेवाला माल नको. ह्यांना म्हणावं, द्यायचं तर बाजारातलं द्या.”

पोरगीला काही कळलं नाही. बाईंना कळलं. त्यांनी चष्मा काढला.

“रेशनचं दुकान वाटलं तुम्हाला?”

“मग?”

“नवं औषध खरंच बरं आहे का, हे कळायचं कसं? जुनं घेणाऱ्यांच्या शेजारी ठेवूनच ना? ते जुनं घेणारे म्हणजे कंट्रोल. जुनं म्हणजे हलकं नव्हे. स्टडी नसती तर डॉक्टर तुम्हाला जे देणार होत्या, तेच. त्याच बाटलीतलं.”

“म्हणजे खडे नाहीत?”

“खडे तुमच्या डोक्यात आहेत,” बाई म्हणाल्या. कॅमेरा चालूच होता.

मी विचार केला. खरं सांगू का, औषधाचा नाही केला. पोरगी म्हणाली होती, स्टडीत आलात की आम्ही फोन करून विचारू, अंकल, कैसे हैं, ताप आला का, जेवलात का. कंट्रोलवाल्यांनाही करतात. तो फोन वाजेल ह्याचा विचार केला, आणि पेन मागितलं. नाव काढलं. शेजारी बाईंनी साक्षीची सही केली, सरसर, न बघता.

मधे पुन्हा रक्त, पुन्हा स्कॅन झालं. मग पोरगीचा फोन आला. कंप्यूटरनं मला कंट्रोलमध्ये टाकलं होतं. मला हसू आलं. जन्मापासून तो दुकानदार मला ओळखतो.

बाईंना सांगायला काचीगुड्याला गेलो. त्या पडवीत होत्या, खाली बादली, बादलीत थेंब. मी वर बघितलं. माझ्या हातची करवतीची कड तशीच होती, वाकडी. डॉक्टरीण म्हणाली होती, पत्रा आहे तसा असेल तर एवढं भ्यायचं नाही, पण तो कापू नका, घासू नका, भोक पाडू नका. तेच बाईंना सांगितलं. दुसरा कुणी आला तर कोरडा कापू देऊ नका, आणि पोराटोरांना लांब ठेवा. बाईंनी मान हलवली. मग मी म्हणलं, कंट्रोल लागलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “सलाइन कधी?”

“सोमवारी. दिवसभर बसावं लागतं. सोबत माणूस पाहिजे.” आणि मग, सवय वाईट, तोंड सुटलं. “येता का? तुमची करमणूक होईल. आणि बरा झालो ना बाई, तर शप्पथ, पहिलं काम तुमचा हा पत्रा. असा बसवतो की थेंब येणार नाही.”

बाईंनी बादली उचलली, मोरीत रिकामी केली आणि परत त्याच जागी ठेवली.

“येते. पण माझ्याशी बोलायचं नाही, मी शब्दकोडं घेऊन येणार आहे. आणि पत्र्याचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते. धडधाकट होतात तेव्हाही तो तुम्हाला जमला नव्हता.”